पांढरी जीभ, जांभळं तोंड

माझ्या तोंडाबद्दल आमच्या हिंगोलीजवळच्या गोरेगावात पहिल्यापासूनच बरंच बोललं जातं. आमची पिठाची गिरणी आहे. तिचं इंजिन बंद पडलं तरी गावाला लवकर कळत नाही, कारण माझा आवाज चालूच असतो, असं दळायला येणाऱ्या बायका म्हणतात. त्यात खोटं काही नाही. पण ह्या हिवाळ्यात त्याच तोंडाला असं दुखणं झालं की मी दिवसच्या दिवस पदर लावून गप्प बसले. गिरणीपुढच्या रांगेतल्या बायका यांना विचारायच्या, "घरात कुणी गेलंय का?"

आता बरी आहे. हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, हे पुष्कळांना होतं, पण तोंडातली गोष्ट तोंडावर आणायला लोक लाजतात. मला लाज मुळातच कमी, म्हणून मी लिहायला बसले. दुसऱ्या कुणाची जीभ पांढरी झाली, तर तिनं माझ्यासारखं आरशापुढं बसून स्वतःचं सुतक धरू नये, एवढंच.

उरलेलं कुणी खायचं

बाईमाणसाचं ताट हे घरातलं शेवटचं ताट. पातेल्याच्या बुडाचं वरण, लेकरांनी टाकलेली अर्धी भाकर, आंबट व्हायला आलेलं ताक, सगळं त्यात येतं. त्यात आम्ही दुष्काळात परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्लेल्या. त्या गळ्याखाली उतरायच्या नाहीत, पण टाकायची हिंमतही कुणाची नव्हती. दुष्काळ सरला, घरात चांगली ज्वारी आली, गिरणीला पुन्हा रांग लागली. माझी सवय मात्र गेली नाही. घरातलं काही वाया गेलं की माझ्या पोटात दुखतं.

भाकरीपुरतं हे ठीक होतं. मी ते औषधालाही लावलं.

दिवाळीनंतर यांचं बोट गिरणीच्या पट्ट्यात सापडलं. टाके पडले, आणि सोबत अर्ध्या लाल, अर्ध्या पिवळ्या अशा कॅप्सूल मिळाल्या. जखम सुकू लागली तशा यांनी त्या सोडल्या. मी उचलून एका पत्र्याच्या डबीत ठेवल्या. मग धाकटे दीर खोकत खोकत राहायला आले, बरे झाले, आणि आपल्या कॅप्सूल आमच्या कोनाड्यात विसरून गेले. त्याही डबीत गेल्या. मग आमची कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. हिंगोलीच्या दवाखान्यात तिला मुलगा झाला. मागं ताप राहिला म्हणून तिलाही कॅप्सूल दिल्या, त्यानं तिला मळमळायचं. ताप उतरताच तिनं उरलेल्या माझ्या हातावर ठेवल्या.

"आई, ह्या फेकून दे."

"फेकू काहून? खराब झाल्या का?"

"मग काय भाजी करतीस त्याची?"

भाजी नाही केली. नेमका त्याच सुमारास मला खोकला झाला आणि मी डबी उघडली. आधी यांच्या संपवल्या, मग दिरांच्या, मग लेकीच्या. खोकला खरं तर यांच्याच कॅप्सुलींनी बरा झाला होता. पुढच्या मी ताकद यावी म्हणून घेतल्या. जेवण झालं की लोक सुपारी टाकतात, तशी मी कॅप्सूल टाकायची. डबी रिकामी झाली तेव्हा एखादं मोठं वाळवण उरकल्यासारखं समाधान वाटलं मला.

मीठ

पहिल्यांदा चव गेली. भाकरी खाल्ली तरी कापूस चावल्यासारखं लागायचं. कशातच मीठ नाही असं वाटून मी मीठ घालत सुटले. आमचे हे बोलण्यात फार काटकसरी. दोन-तीन दिवस त्यांनी पिठलं मुकाट्यानं गिळलं. मग एकदा पाण्याचा तांब्या संपवून म्हणाले, "कमलची माय, आज मीठ दोन्ही हातांनी टाकलं व्हय?"

मी म्हटलं, "तुमची जीभ बिघडली."

मग तिखट लागेना, नुसतं झोंबू लागलं. चहा पोळल्यासारखा लागायचा. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडल्या, जांभई द्यायची चोरी झाली. एका सकाळी मिसरी लावायला आरसा घेतला आणि जीभ बाहेर काढली. जिभेवर, गालांच्या आतून, दही विरजल्यावर भांड्याला चिकटून राहतं तसे पांढरे थर. पदरानं पुसून पाहिलं. थोडं निघालं, खाली लालभडक, आणि रक्ताचा थेंब.

आरसा मी पालथा घातला. साखऱ्याला माझे मामेभाऊ होते, जन्मभर तंबाखूचा बार भरायचे. त्यांच्याही गालात आधी पांढरा डागच आला होता. पुढं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं. आणि मी तर लग्नाच्या आधीपासून मिसरी घासते. तंबाखूच ती, भाजली म्हणून तिची काय हळद होते?

त्या दिवसापासून मिसरीची डबी चुलीमागं गेली. जाईचा पाला चावला, तुरटीच्या गुळण्या केल्या, हळद लावली. हळदीनं पांढऱ्याचं पिवळं झालं, दुसरा फरक नाही. कुणाला सांगितलं नाही. घरात ओली बाळंतीण, तिच्या दुधावर लेकरू. तिला धक्का बसला तर? यांना सांगावं तर हे आणखी गप्प होतील, आणि दोघंही गप्प झालो तर घरात बोलायचं कुणी?

नातू मात्र मांडीवर हवाच. त्याची गुटी मी उगाळायची. लेकराला पाजायच्या बोंडल्यातलं पाणी कोमट आहे की नाही ते मी स्वतःच्या जिभेला लावून बघायची, मग त्याच्या तोंडाला लावायची. माझ्या आईनं असंच केलं, तिच्या आईनं असंच केलं. लेकराचं तोंड भाजू नये म्हणून आजीची जीभ पुढं. त्यात काही चुकतंय हे सात जन्मांत सुचलं नसतं.

मग एका दुपारी कमल म्हणाली, "आई, ह्याच्या जिभेवर दूध साचून राहिलं बघ. पुसलं तरी जात न्हाई. अंगावर घेतलं की दोन घोट वढतंय आन रडतंय."

मी वाकून पाहिलं. लेकरानं तोंड उघडून टाहो फोडला होता. आत दूध नव्हतं. मी रोज आरशात बघत होते तेच होतं, एवढंसं.

गिरणीत बोलायची रीत

स्वतःसाठी मी आणखी महिनाभर गप्प राहिले असते. आता राहवेना. तशीच गिरणीत गेले.

आमच्या गिरणीत कानानं कुणी ऐकत नाही. इंजिन, पट्टा आणि जात्याच्या आवाजात सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलतात. जाड दळू की बारीक, ज्वारी की डाळ, सगळं ओठांवर आणि बोटांवर. आमचे हे तर समोरच्या ओसरीवरचं भांडणही ओठांवरून वाचतात. मी यांच्यापुढं उभी राहिले आणि सांगायला लागले. हे नुसते बघत राहिले. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. माझ्या तोंडावर पदर होता, त्यांना दिसणार काय?

रांगेतल्या एका बाईनं हातानं खूण केली, पदर काढ. मी पदर काढला, तोंड उघडलं, आणि बोटानं आत दाखवलं.

यांनी पाहिलं. मग ओठांनी स्पष्ट विचारलं, "पीठ काहून खाल्लं?"

हसावं की रडावं कळेना. मी रडले. हे पिठाच्या पोत्यातून निघालेल्या माणसासारखे नेहमी पांढरेफटक असतात, पण त्या वेळी पिठाखालचा रंगसुद्धा उडालेला मला दिसला. त्यांनी पट्टा उतरवला. इंजिनही बंद केलं. चालत्या रांगेत गिरणी बंद झालेली गावानं कधी पाहिली नव्हती. हे एका पोत्यावर बसले.

"आधी काहून सांगितलं न्हाई?"

"तुमी घाबरले असते."

"आता काय नाचून राहिलो व्हय?" म्हणाले, आणि उठून अंगावरचं पीठ झटकायला लागले. "लेकराला गुंडाळ. एस.टी. यायची वेळ झाली."

लोणच्यावरची बहीण

हिंगोलीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेलं असताना मी मनातल्या मनात भांडी वाटून टाकली. मोठा हंडा कमलला, पितळी परात धाकट्या जावेला, ती नाही म्हणाली तरी. कमल लेकराला छातीशी धरून बसली होती आणि माझ्याकडं बघत नव्हती.

डॉक्टर वयस्क, चष्मा कपाळावर चढवलेले. त्यांनी आधी लेकराचं तोंड पाहिलं, मग चमच्याच्या दांड्यानं माझी जीभ दाबली, बॅटरी मारली. पांढऱ्याचा थोडा भाग खरवडला. मग परत लेकराकडं पाहिलं.

"आजी, हे तर लेकरांचं दुखणं. तुम्ही कुठून आणलं?"

"कॅन्सर न्हाई?"

"कॅन्सर कशाला? बुरशी आहे."

"बुरशी? लोणच्यावर येते ती?"

"तिचीच बहीण समजा."

खरं सांगते, जीव वाचल्याचा आनंद व्हायच्या आधी मला अपमान वाटला. माझ्या लोणच्याला कधी बुरशी आलेली नाही. गावातल्या बायका मीठ किती घालता म्हणून मला विचारायला येतात. आणि बरणी सोडून ती माझ्या तोंडात आली!

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. तंबाखू? मिसरी लावायचे, आता सोडली. पुन्हा धरू नका, म्हणाले. दात स्वतःचे का? राहिलेत तेवढे माझेच. कवळी असली आणि ती रात्री काढून धुतली नाही, तर तिच्याखाली हे हमखास होतं, म्हणून विचारलं. साखरेचा आजार? ठाऊक नाही. मग माझी लघवी मागवली. काचेच्या नळीत निळं पाणी, त्यात थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं राहिलं तर बरं, विटकरी झालं तर अंगात साखर वाढली आहे, असं त्यांनी सांगितलं. माझं निळंच राहिलं. त्या नळीकडं मी जितक्या भक्तीनं पाहिलं, तितकं देव्हाऱ्याकडंही कधी पाहिलं नसेल.

"मग झालं कशानं?" डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. "मागच्या दिवसांत काही औषध घेतलं होतं?"

मी अभिमानानं सांगितलं. यांच्या कॅप्सूल, दिरांच्या कॅप्सूल, लेकीच्या कॅप्सूल. एकही वाया घालवली नाही.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मला नीट पाहिलं.

"तुमचं घर कशाचं?"

"पिठाची गिरणी हाय."

"गिरणीत मांजर असेल."

"दोन हायेत."

"ती मारली तर?"

"अहो, उंदीर माजतील की!"

"तेच केलंत तुम्ही. तोंडात चांगले जंतूही असतात, ते ह्या बुरशीला दाबून ठेवतात. तुम्ही तीन माणसांच्या कॅप्सूल खाऊन सगळी मांजरं मारली. औषध म्हणजे काय शिळी भाकर आहे उरली म्हणून खायला? ज्याला दिलं त्यानं सांगितलं तितकं पूर्ण घ्यायचं. मग उरतच नाही."

हे भिंतीकडं बघत उभे होते. त्यांचा खांदा हलत होता. हे हसत आहेत हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यामुळं कळलं.

"आन लेकराला माझ्यामुळं झालं?" मी विचारलं.

कमलनं पहिल्यांदा मान वर केली.

"त्याच्या आईनंही त्याच कॅप्सूल घेतल्यात, त्यामुळं असेल. तुमच्या जिभेमुळं असेल. किंवा नुसतं लेकरू आहे म्हणूनही असेल, तान्ह्यांना हे होतंच. कोणामुळं ते शोधत बसू नका. पण आता त्याच्या तोंडात जाणारं काहीही तुमच्या तोंडाला लावायचं नाही. मुके बंद. बोंडलं उकळून घ्यायचं. आणि ताई, पाजायच्या आधी आणि नंतर तुम्हीही धुऊन पुसून घ्या. नाहीतर ते तुमच्याकडून त्याला आणि त्याच्याकडून तुम्हाला फिरत राहील."

औषध म्हणजे एक जांभळं पाणी. काडीला कापूस गुंडाळून नर्सबाईंनी ते आधी लेकराच्या तोंडात फिरवलं, मग माझ्या. परत येताना एस.टी.त कंडक्टरनं लेकराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि तिकीट फाडता फाडता यांना विचारलं, "पाव्हणं, ह्या दिवसांत जांभळं कुठं घावली?"

मला हसू आलं. कमल हसली नाही.

घरी आल्यावर तिनं मला काही बोल लावला नाही. तिनं फक्त लेकराची झोळी माझ्या खोलीतून सोडली आणि तिच्या खाटेपाशी नेऊन बांधली. गाठ दोनदा तपासली. डॉक्टरांनी मांडीवर घ्यायची मनाई केली नव्हती. पण मागायला माझं तोंड होतं कुठं? गुटी ती स्वतःच उगाळू लागली. लेकरू रडलं की माझे हात उठायचे, मग मी त्याच हातांनी ज्वारी निवडायला घ्यायची. इतकी ज्वारी निवडली की खडे संपले.

विहीणबाई

बातम्या आमच्याकडं एस.टी.नंच जातात, आणि वाटेत त्यांना पाय फुटतात. कळमनुरीला कमलच्या सासूबाईंपर्यंत पोचेपर्यंत ती अशी झाली होती की गोरेगावच्या विहिणीला तोंडाचा कॅन्सर आहे आणि तो लेकराला लागला आहे. विहीणबाई दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन दारात. गोरीपान, उंच, आणि दात असे की मोत्याची माळ. लग्नात आमच्याकडच्या बायका त्यांच्या दातांकडंच बघत होत्या.

त्यांनी पायावर पाणीही घेतलं नाही. सरळ झोळीत वाकल्या. लेकरानं जांभळी जीभ काढून दाखवली.

"अगं बया! काय रंगपंचमी लावली व्हय लेकराच्या तोंडाची?"

मी सांगायला पुढं झाले, तर माझंही तोंड जांभळं. त्या दोन पावलं मागं सरकल्या.

"विहीणबाई, तुमी लांबूनच बोला."

मी सगळं लांबून सांगितलं. बुरशी, मांजरं, कॅप्सूल. त्यांनी ओठ मिटून ऐकलं. मग कमलला म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी निघू. तू आन लेकरू माझ्यासंगं कळमनुरीला. बारसं बी तिकडंच."

पहिल्या लेकराचं बारसं आईच्या माहेरी होतं, आमच्याकडं ही रीत आहे. जावईबापूंना रजा मिळायची म्हणून ते सव्वा महिन्यावर ढकललेलं. पाळणा आणून ठेवला होता. माहेरच्या दारातून लेकराला बिनबारशाचं नेलं, तर गाव काय म्हणेल ते म्हणो, मला ते पुन्हा कधी दिसणार?

हे गिरणीतून आले आणि म्हणाले, "बारसं इथंच." त्यांच्या मानानं ते भाषणच झालं. पण विहीणबाईंपुढं ते टिकलं नाही. मी कमलकडं पाहिलं. ती झोळीला झोका देत होती. "मी काय सांगू, आई? त्याला आधी बरं वाटू दे," एवढंच म्हणाली. तिचंही बरोबर होतं. तेच जास्त लागलं.

विहीणबाई माझ्या हातचं धड जेवतही नव्हत्या. भाकरी दुधात कुस्करून दोन घास घ्यायच्या, ताट सरकवायच्या. मला वाटलं, किळस येते माझी. एकदा म्हटलंसुद्धा, "विहीणबाई, माझी बुरशी भाकरीत न्हाई उतरत."

दार लावा

बाजाराच्या आदल्या सकाळी मी आतल्या खोलीत आरसा घेऊन जिभेला औषध लावत होते. आता बराच फरक होता, चहाला चहाची चव येऊ लागली होती. मागं बघते तर विहीणबाई उभ्या.

"जळजळतं का ते?"

"फार न्हाई."

"चव कशी?"

"शाई प्याल्यासारखी. पण दुखायचं थांबतं."

त्यांनी एकदा बाहेर डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "दार लावा."

मी दार लावलं. त्यांनी पाठ फिरवली, तोंडात बोटं घातली, आणि वळल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर वरची सगळी मोत्याची माळ होती. मला वाटलं होतं की हसू आवरणार नाही. पण ते आलंच नाही. ती उंच, गोरीपान बाई क्षणात केवढीशी झाली होती. ओठ आत गेलेले, डोळे भ्यालेले.

"बघा हो आत."

मी बॅटरी आणली. टाळू लालभडक, त्यावर मधेमधे माझ्या ओळखीचे पांढरे ठिपके.

"किती दिवस?"

"झाले बरेच. कॅन्सरच वाटला मला. मग तुमची खबर आली." त्या खाटेवर बसल्या. "खरं सांगू का? मी लेकराला बघायला न्हाई आले. तुमचं तोंड बघायला आले. माझ्यासारखंच हाय का म्हणून."

मी त्यांच्याजवळ बसले. ह्या वेळी त्या सरकल्या नाहीत.

"आन ह्या कवळीचं कुणाला ठाऊक?"

"नांदेडला बहिणीकडं गेले होते तवा बसवली. कळमनुरीत कुणाला म्हाईत न्हाई. घरधन्यांना बी न्हाई. लग्नापासून माझ्या दातांचं कवतिक करून राहिले ते."

"मग रात्री काढून कुठं ठेवता?"

"काढते कशाला? काढली तर दिसंल की."

मी कपाळावर हात मारला. तीन माणसांच्या कॅप्सूल खाणारी मी एकटीच शहाणी नव्हते तर.

पाहुणचार

बाजाराच्या दिवशी लेकराला पुन्हा दाखवायचं आहे असं सांगून आम्ही तिघी हिंगोलीला गेलो. सामान सोबतच होतं, त्या दोघी तिथूनच कळमनुरीची गाडी धरणार होत्या. लेकराचं तोंड जवळजवळ स्वच्छ झालं होतं, दूध ओढत होतं. माझंही उतरणीला लागलं होतं. मग मी विहीणबाईंना पुढं केलं.

"ह्या कोण?"

"ह्या माझ्या विहीणबाई."

डॉक्टरांनी बॅटरी मारली, बघितलं, आणि माझ्याकडं वळले. "तुमच्याकडं पाहुणचार असाच करतात का?"

"माझ्याकडचं न्हाई ते! त्या घरून घेऊन आल्या," मी म्हटलं.

विहीणबाईंचं पाणीही निळंच राहिलं. डॉक्टरांनी कवळी हातात घेऊन दाखवलं, कुठं कुठं काय साचतं ते. रोज रात्री काढायची, ब्रशनं घासायची, वाटीभर पाण्यात ठेवायची. हिरड्यांनाही रात्री निजू द्या, म्हणाले. आणि नवऱ्याला सांगून टाका, त्यांना दात हवेत की तुम्ही, हे त्यांनी ठरवावं. मग नर्सबाईंनी जांभळी काडी विहीणबाईंच्याही तोंडात फिरवली. बाहेर बाकावर बसलेल्या कमलला दाराआडून सगळं ऐकू गेलं होतं. ती लेकराच्या कुंचीत तोंड खुपसून हसत होती. लेकराचं दुखणं सुरू झाल्यापासून तिनं माझ्या डोळ्याला डोळा दिला तो पहिल्यांदा तेव्हा.

स्टँडवर आलो तर समोर कळमनुरीची गाडी लागलेली. ड्रायव्हर चढला होता. विहीणबाईंची पिशवी त्यांच्या हातात, कमलचं गाठोडं तिच्या. मी मुद्दाम चपलेचा अंगठा बघत उभी राहिले. वर बघितलं असतं तर डोळ्यांतलं दिसलं असतं.

विहीणबाईंनी पानाच्या टपरीवरच्या आरशात पाहिलं. ओठ जांभळे, हिरड्या जांभळ्या. त्यांनी पदर लावला, काढला, परत लावला.

"अशा तोंडानं मी कळमनुरीच्या स्टँडवर उतरू व्हय?"

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी निघाली आणि आम्ही तिघी धुरळ्यात उभ्या राहिलो.

"मग आता?" मी विचारलं.

"मग काय. गोरेगावलाच चला. रंग उतरंस्तवर मी काई घरी जात न्हाई. सून आन लेकरू एकटे कसे धाडू? बारसं करूनच निघू आता."

संध्याकाळी जेवणं झाली. विहीणबाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, कमल शेजारी. यांना मुद्दाम ओसरीवर धाडलं होतं. मी औषधाची बाटली, कापूस आणि पाण्याची वाटी आणून ठेवली. विहीणबाईंनी दातांकडं हात नेला आणि थांबल्या. एका हातानं ती कवळी निघायची नाही.

"धरा हो ह्याला," त्या म्हणाल्या आणि लेकरू माझ्याकडं केलं.

मी कमलकडं पाहिलं. तिचे हात अर्ध्यात उठले होते. मग तिनं ते खाली घेतले.

"मुका घ्यायचा न्हाई, आई."

"न्हाई घेत."

लेकरू माझ्या मांडीत आलं. किती जड झालं होतं! विहीणबाईंनी कवळी काढून वाटीत टाकली, आणि तेवढ्यात लेकरानं माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजवलं. विहीणबाई बोळक्या जांभळ्या तोंडानं खदखदा हसल्या, कमल हसून आडवी झाली, बाहेरून हे विचारू लागले काय झालं म्हणून.

"जा, लुगडं बदलून ये," कमल म्हणाली.

मी गेले नाही. उठले असते तर लेकरू खाली ठेवावं लागलं असतं.